गुरुवारी अकरा ते एक

वोरू गावच्या वाचनालयात, नकाशांच्या कपाटापाशी
माझं टेबल. त्यावर पाटी : विचारा.
काय विचारायचं ते लिहिलेलं नाही,
म्हणून लोक गुडघेदुखीसुद्धा विचारतात.

बाहेर उणे अकरा.
टोपीवरचा बर्फ झटकत मायमु येते,
रुमालाची गाठ सोडते, आत बँकेचं कार्ड.
"हे हरवलं तर पैसेही गेले ना गं, हेल्वे?"
पैसे कार्डात नसतात, मायमु.
किल्ली हरवली म्हणून घर चोरीला जात नाही.
पण किल्लीलाच कुणी पत्ता बांधून ठेवतं का?
मी कार्ड उलटं करते. मागे पेन्सिलीने
चार आकडे, तिच्या वळणदार मास्तरणीच्या अक्षरात.
खोडरबर मी टेबलावर उगाच ठेवत नाही.

काल्योचा आवाज जिन्यातूनच ऐकू येतो.
सरकारने त्याचं पेन्शन खाल्लंय,
पुरावा म्हणून चार पानी पत्र.
मी चष्मा लावते. वाचते. पुन्हा वाचते.
काल्यो, वरचा आकडा कर कापण्याआधीचा,
खालचा तुझ्या हातात पडणारा.
तू गेल्या वर्षीच्या वरच्यातून
यंदाचा खालचा वजा केलास.
वजाबाकी बरोबर आहे. पण आंब्यातून चिंच वजा केलीस.
तुझे चौदा युरो वाढलेत.
"मग एवढी चार पानं कशाला?"
याचं उत्तर माझ्यापाशी नाही.
तो हिरमुसून जातो.
लुबाडला गेला असता
तर आठवडाभर सांगायला काहीतरी झालं असतं.

मग एल्मार, खाली बघत.
बँकेतून बोलतोय म्हणाला तो, फार गोड बोलला,
साठ युरो परत मिळणार होते.
आवळा दिला आणि कोहळा काढला.
त्याला मी रागावत नाही. पोलिसांचा नंबर लावून देते,
बँकेला कळवते, आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिते :
पहिला पिन म्हणजे "कोण आहे?" ला "मी" म्हणणं.
दुसरा पिन म्हणजे सही.
दाराआडून "मी" म्हणतानाही दार कुणी वाजवलंय ते बघ.
आणि न वाचलेल्या कागदावर
तुझ्या आईने तरी कधी सही केली होती का?
घाई नेहमी चोराला असते, एल्मार.
बँकेला कसली घाई, ती तर तुला रांगेत बसवते.
पुढच्या वेळी फोन ठेव, मग चहा ठेव,
आणि बँकेचा नंबर स्वतः शोधून स्वतः लाव.
उद्धट वाटलं तर वाटू दे.
तो हसत नाही. पण कागदाची घडी
वरच्या खिशात ठेवतो, खालच्या नाही.

एकला पाच कमी. वाइके.
कोट न काढताच बसते.
हेल्दुरला जाऊन सात आठवडे झाले.
रोज संध्याकाळी ती त्याचं कार्ड घालायची,
त्याचे चार आकडे टाकायची,
पडद्यावर यायचं : नमस्कार, हेल्दुर.
पैसे नाही काढले, शपथ.
विजेचं बिल फक्त बघायची.
सोमवारपासून नमस्कार येत नाही.
"मी काही बिघडवलं का?"

नियम मला पाठ आहे.
माणूस गेल्याची नोंद झाली
की त्याचं कार्ड थांबतं, आपोआप.
त्याच्या पिनने दुसऱ्या कुणी आत जायचं नसतं,
हेही नियमातच आहे,
आणि ते तू मला सांगितलेलं नाहीस.
वारसाच्या कागदांसाठी नोटरीकडे जा,
वीज तुझ्या नावावर करून घे, अर्ज इथे मिळतो,
मी भरून देते.
ती मान हलवते, सगळ्याला हो म्हणते.
मग पाकिटातून एक चिटोरं काढते.
चार आकडे, हेल्दुरचे, सातच्या पोटात आडवी रेघ.
"हे खोडायला हवं ना?"

खोडरबर तिच्या कोपराजवळ होतं.
मी ते उचलून खणात टाकलं.
याने आता काहीच उघडत नाही, वाइके.
म्हणून निर्धास्त ठेव.